राहीनं दाखवलेली जागा

कुणी गोड बोलायला लागलं की राही आधी त्याचे हात बघायची. हातात काही नसलं तर त्याच्या पाठीमागे बघायची. तिथंही काही दिसलं नाही तर सरळ विचारायची, "बोला, कुठं खणायचं हाय?" लोक हसायचे. हसायला लोकांचं काय जातंय. सात वर्षांची असल्यापासून जो जो तिच्याशी गोड बोलला, त्याच्या पाठीमागून कुदळच निघाली. तिनं दुसरं काय करावं?

राही पायाळू होती. आईच्या पोटातून डोक्याऐवजी पायांनी बाहेर आलेली. आता आमच्याकडे पायाळू माणसाचे दोन उपयोग. एक साधा. कुणाच्या कमरेत उसण भरली की त्यानं पायाळूच्या अंगणात पालथं पडायचं आणि पायाळूनं त्याच्या पाठीवर तीनदा लाथ मारायची. उसण जाते. कशी जाते ते मला विचारू नका, पण जाते. आरे गावाच्या वरच्या सड्यावर, कातळाच्या माळावर, राहीचं सासर होतं, आणि लावणीच्या दिवसांत तिच्या अंगणात रोज दोघेतिघे वाकडे होऊन यायचे नि सरळ होऊन जायचे. एकदा खुद्द खोत आला होता. त्यालाही तिनं तीन लाथा घातल्या, आणि त्यानं वर नारळ दिला. असा मान वाडीत दुसऱ्या कुठल्या बाईला नव्हता.

दुसरा उपयोग मात्र वाईट. पायाळूच्या डोळ्यांत अंजन घातलं की त्याला जमिनीखालचं धन दिसतं, म्हणतात. राहीचा बाप बाबल्या नाटे गावचा. भाताचे दोन तुकडे होते, चार माड होते, पण त्या माणसाचं चित्त जमिनीच्या वर कधी रमलंच नाही. पोरगी पायाळू निघाली तेव्हा त्यानं पेढे वाटले म्हणे. मुलगी झाली म्हणून नाट्यात पेढे वाटलेला तो पहिलाच बाप, आणि त्याचं कारण हे असलं. पोर सात वर्षांची झाल्यावर त्यानं भगत गाठला. अंजनानं डोळ्यांची आग आग व्हायची. "दिसतंय का? दिसतंय का?" चारी बाजूंनी पुरुषमाणसं विचारत राहायची. "दिसतंय" म्हटल्याबरोबर डोळे धुवायला पाणी मिळतं, हे पोरीच्या लवकरच ध्यानात आलं. मग ती बोट दाखवी तिथं ते खणत. तीनदा खणलं. तिसऱ्या वेळी खड्ड्याची कड ढासळली आणि चुलता शिवा जन्माचा लंगडा झाला. घरी येऊन बापानं पोरीला फोकानं मारलं, खोटं सांगितलं म्हणून.

आणि दरवेळी निघताना हाच बाप तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा. "चल गं माझी बाय," म्हणायचा. तेव्हापासून राहीनं दुसऱ्याच्या हातचं गोड तोंडात घातलं नाही. संक्रांतीचा तिळगूळसुद्धा ती पदराच्या गाठीला बांधून घरी आणायची आणि गुरांपुढे टाकायची.

एकोणीसशे वीस साली तिचं लग्न झालं. मुलाचं नाव लवू. सड्यावर चिरे काढायचं काम करायचा, पावसात शेती. मितभाषी, खांदे रुंद, तपकीर नाही, दारू नाही. आता अशा नवऱ्यात खोट काय काढायची? पण राहीनं काढली. त्या वेळी आमच्यात मुलीच्या बापाला देज द्यायची रीत होती, आणि देज ठरवताना दोन्हीकडची माणसं दिवसभर भांडल्याशिवाय उठायची नाहीत. लवूचा थोरला भाऊ भिकाजी मुंबईला गिरणीत होता, तो बोलणी करायला आला. बाबल्यानं तोंडाला येईल तो आकडा सांगितला आणि भिकाजी 'बरं' म्हणाला. दाराआड उभ्या असलेल्या राहीनं ते ऐकलं. इतक्या सहज कुणी बायको नेत नाही. ही माणसं काहीतरी दुसरंच न्यायला आली आहेत.

आणि तिचं चुकलं नव्हतं. लग्नानंतर तिसऱ्याच दिवशी गोठ्यात शेण भरताना तिनं पडवीतलं बोलणं ऐकलं. लवूचा पणजा तांडेल होता, मालाच्या गलबतावरचा म्होरक्या. त्यानं तांब्याचा एक हंडा सड्यावर कुठंतरी पुरला आणि जागा न सांगताच तो मेला, अशी घरात पिढ्यान्‌पिढ्या वदंता होती. भिकाजी सांगत होता, "पायाळू बायको उगाच नाय केली तुला. जरा रुळू दे. मग हळूच इचार."

राही शेणाची पाटी तशीच धरून उभी राहिली. लवू काय म्हणतो?

लवूनं आधी हातातलं सुंभ वळून पुरं केलं. मग म्हणाला, "बघू."

हे 'बघू' राहीनं मनात खिळ्यासारखं ठोकून ठेवलं. नाही म्हणणारा माणूस नाही म्हणतो. बघू म्हणणारा वेळ बघतो. त्याच संध्याकाळी लवूनं रत्नागिरीच्या बाजारातून आणलेला खजूर तिच्यापुढे ठेवला. "खा," एवढंच म्हणाला. तिनं तो रात्रीच गुरांना घातला.

पुढं वर्षभर लवूनं काही विचारलं नाही. दुसरी एखादी असती तर तिला हायसं वाटलं असतं. राहीचा जीव उलट टांगणीला लागला. विचारत का नाही? कसली वाट बघतो? तो पाणी प्यायला घरात आला तरी ती त्याच्या तोंडाकडे बघायची, आता विचारतो की मग. नवऱ्याजवळ झोपायचं आणि कुणाच्या शेजारी झोपलोय ते ठाऊक नाही, असला तो संसार.

एकवीसच्या शिमग्याला भिकाजी आगबोटीनं आला तो काशीराम नावाच्या भगताला घेऊनच. भगताच्या पिशवीत ती ओळखीची पितळी डबी होती. राहीनं डबी बघितली आणि तिचे डोळे आपोआप चुरचुरायला लागले. 'उद्या अंजन घालू,' असं पडवीत ठरत होतं. लवू खांबाला टेकून ऐकत होता. राहीला वाटलं, बस झालं. एकदाचा हा माणूस कळू दे.

ती चुलीपुढून उठली आणि भर दुपारची सगळ्यांसमोर पडवीत आली. "अंजन नको," म्हणाली. "मला तसंच दिसतंय. चला, दाखवते."

सगळे तिच्या मागून सड्यावर गेले. घराच्या वरच्या अंगाला, आंब्याच्या पलीकडे, कातळाचं एक काळं पठार होतं. पहार मारली तर ठिणगी उडेल असला निबर दगड. तिथं गवतसुद्धा उगवत नव्हतं. राहीनं टाच आपटली. "हितं. तीन पुरुष खाली."

तीन पुरुष म्हणजे तीन माणसं एकावर एक उभी राहतील एवढं खोल. भिकाजीचं तोंड पडलं. भगतानं डोकं खाजवलं. राही फक्त लवूकडे बघत होती. तिनं हिशेबच तसा केला होता. खरंच संसारासाठी बायको केली असेल तर हा दगड बघून हा माणूस हसेल, 'जाऊ दे' म्हणेल आणि घरी चालू लागेल. हंड्यासाठी केली असेल तर खणेल.

लवूनं दगडाकडे बघितलं. मग राहीकडे बघितलं. त्याचे डोळे चमकले. बापाचे डोळे असेच चमकायचे.

"भगतानू," लवू नम्रपणे म्हणाला, "मजूर लावले तर चालतील?"

आता भगताला कुणी प्रश्न विचारला की 'चालेल' म्हणून भागत नाही, त्यात भगतपण राहत नाही. काशीराम डोळे मिटून म्हणाला, "छे. घरच्याच माणसाचं हत्यार लागलं पायजे. परका हात लागला की धन सरकतं."

"सुरुंग?"

"आवाजानं सरकतं."

"आनि खणून होईस्तवर पायाळूला परत इचारलं तर?"

"मुळीच इचारायचं नाय," भगत म्हणाला. "एकदा दाखवलेली जागा पुरी केल्याबगर दुसरं इचारलं तर पायाळूची नजर जाते."

लवूनं मान हलवली. "बरं," म्हणाला, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यानं खणायला घेतलं.

झालं, राहीला उत्तर मिळालं. बरं झालं वेळेवर कळलं, असं तिनं स्वतःला सांगितलं, आणि त्या दिवशी भाकऱ्या थापताना तिला रडू आलं. कारण त्या वर्षभरात तिला हा माणूस आवडायला लागला होता, आणि ते तिला नको होतं.

पुढची तेरा वर्षं लवू खणत होता. चिरेखाणीवरून आला, शेतातून आला की हातपाय न धुताच सड्यावर जायचा आणि दिवस बुडेपर्यंत एक तास टिकाव चालवायचा. पावसात खड्डा भरायचा, मग दिवाळीपर्यंत काम बंद. दिवाळीनंतर पाणी उपसून पुन्हा सुरू. वाडीनं त्याला 'हंडेकर' नाव ठेवलं. "काय हंडेकर, वाजतोय का हंडा?" लोक विचारायचे. तो म्हणायचा, "वाजेल की."

राही स्वयंपाकघरातून टिकावाचा आवाज ऐकायची आणि तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तो धनासाठी खणतो याचा राग होताच, पण ज्या तऱ्हेनं खणायचा त्याचा जास्त. हंड्यामागे लागलेली माणसं तिनं लहानपणी बघितली होती. ती वेड्यासारखी फोडत सुटतात, दगड कुठं उडतो ते बघत नाहीत. हा मात्र सावकाश, चारी बाजू रेषेत धरून, चौकोनी चिरा सोडवायचा, तासायचा, वर आणून रचायचा. खाली उतरायला त्यानं बाजूनं पायऱ्यासुद्धा काढल्या होत्या. वर शीळ वाजवायचा. राहीला वाटे, केवढा पक्का माणूस. घाईसुद्धा नाही याला.

ती त्याला जेवायला वाढायची, तापात त्याचे पाय चेपायची, शेतात त्याच्या बरोबरीनं राबायची. पण त्या खड्ड्यापाशी ती कधी गेली नाही. तेरा वर्षांत तिथं तिनं त्याला तांब्याभर पाणी नेऊन दिलं नाही. तहान लागली की तो वर येऊन आपला आपण पिऊन जायचा, एका शब्दानं बोलायचा नाही. त्याचंही तिला वाईट वाटायचं, आणि वाईट वाटतं म्हणून स्वतःचा राग यायचा.

सव्वीस साली मुलगी झाली. वाडीतली सुईण मथुरा, तोंडाची फटकळ पण हाताची हलकी. राही कळा देत होती आणि मथुरा एकाएकी खाली वाकली. मग पुटपुटली, "अगं बाय, पाय दिसतायत."

राहीनं त्या अवस्थेत तिचं मनगट धरलं. पोर सुखरूप बाहेर आल्यावरसुद्धा सोडलं नाही. "मथुरावयनी, हिच्या डोक्यावर हात ठेव. डोक्यानं आली म्हणून सांग. ह्यांना पण नाय सांगायचं. ह्यांना तर मुळीच नाय." मथुरेनं शपथ घेतली आणि बाहेर जाऊन सगळ्यांना सांगितलं, मुलगी, डोक्यानं, सुखरूप. पोरीचं नाव चिमा ठेवलं.

त्यानंतर महिनाभरात राहीनं एक गोष्ट पाहिली. लवू खड्ड्यातून काढलेले चिरे डोक्यावर घेऊन मथुरेच्या घराकडे चालला होता. एकदा नव्हे, रोज दोन, रोज दोन. मथुरेच्या मातीच्या घराला बघता बघता चिऱ्यांचा जोता आला, पुढं दोन पायऱ्या आल्या. मथुरा विधवा, वयानं लवूएवढीच. राहीनं काय काय मनात आणलं ते तिचं तिलाच ठाऊक. "कशापायी नेताव चिरे तिकडं?" तिनं एकदा विचारलंच.

"तिचा जोता खचला व्हता," लवू म्हणाला.

"वाडीत आनि कुणाचे खचले नायत?"

तो हसला नि हात धुवायला गेला. राहीनं हेही 'बघू'च्या शेजारी ठोकून ठेवलं.

चिमा मोठी व्हायला लागली तशी राहीची झोप उडाली. उसण भरलेलं माणूस अंगणात पालथं पडलं की ती पोरीला घरात कोंडायची. एकदा तिची नजर चुकली, आणि चार वर्षांची चिमा आईचं बघून बघून एका म्हाताऱ्याच्या पाठीवर नाचली. म्हातारा उठला तो सरळ. "आई लेकीची येक कला," म्हणाला बिचारा कौतुकानं. राहीनं पोरीच्या फाडकन थोबाडीत दिली. लवू तिथंच गोठ्याच्या दारात होता. त्यानं रडणाऱ्या पोरीला उचललं, खांद्यावर घेतलं आणि राहीकडे असं बघितलं की ती चरकली. कळलं का याला? पण तो काही बोलला नाही. पोरीला घेऊन आंब्याखाली गेला.

चौतीस साली भिकाजीची गिरणी सुटली. पावसाळ्यापूर्वीच्या शेवटच्या बोटीनं तो ट्रंक घेऊन कायमचा घरी आला. वाईट माणूस नव्हता तो. पण वीस वर्षं मुंबईत राबून छातीत कफ आणि हातात काही नाही, असा परत आलेला माणूस. रिकाम्या बसलेल्या त्या माणसाला हंड्याशिवाय दुसरं सुचेना. आल्या आल्या त्यानं सुंभाची दोरी खड्ड्यात सोडून माप घेतलं. "हातभर ऱ्हायलंय," म्हणाला. "चार दिवसांत पुरं होईल. मी काशीराम भगताला सांगावा धाडतो."

आणि जेवताना, भाताचा घास कालवत, सहज बोलल्यासारखा तो म्हणाला, "नाय सापडला तर परत दाखवायला पायजे. तुझी नजर आता जुनी झाली असंल, राही. चिमा कशी जन्मली गं? मथुरेला इचारायला हवं."

राहीच्या हातातली पळी तशीच राहिली. तिनं लवूकडे बघितलं. लवू खाली मान घालून जेवत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिकाजी बाहेर पडायच्या आत ती मथुरेच्या दारात पोचली. त्याच चिऱ्यांच्या पायरीवर बसली आणि पदर पसरला. "वयनी, आठ वरसं सांभाळलंस. आता भावोजी इचारायला येतील. माझ्या पोरीच्या डोळ्यांत ते जाळ घालतील गं."

मथुरा भात पाखडत होती. तिनं सूप आपटलं. "किती जणांनी येकच गोष्ट सांगायची मला? मी काय अशी तोंडाची फुटकी हाय? तू सांगितलंस, पुन्ना सहाव्या दिवशी तुझ्या घोवानं येऊन तेच सांगितलं."

"कुणी?"

"तुझ्या घोवानं. मी 'पाय दिसतायत' बोलले ते मागच्या कुडाच्या भिंतीपाशी उभं ऱ्हावून ऐकलं व्हतं त्यानं. मला म्हनाला, वयनी, पोरगी डोक्यानं आली. मी म्हटलं, व्हय, डोक्यानंच आली. तर म्हनाला, भिकादादा इचारेल तरी डोक्यानंच आली, आनि राहीला नको सांगू मला ठावं हाय म्हनून, ती घाबरंल. वर हा जोता बांधून दिला. मी मागितला नव्हता." मथुरेनं पुन्हा सूप उचललं. "आता उठ, माझ्या भातात केर उडतोय."

राही उठली. घरी नाही गेली. ती थेट सड्यावर गेली, आंब्याच्या पलीकडे. तेरा वर्षांत प्रथमच त्या खड्ड्याच्या काठावर उभी राहिली. खाली लवू चिरा सोडवत होता. तिला बघून त्यानं टिकाव खाली ठेवला.

"तुमाला ठावं व्हतं," ती म्हणाली. "चिमाचं."

"व्हय."

"मग ह्यो खड्डा कशापायी खणताव?"

लवूला प्रश्नच समजला नाही. "कशापायी म्हंजे? तूच नाय का दाखवलास?"

"मी खोटं दाखवलं व्हतं. हितं काय नाय."

"ते मला ठावं हाय," तो म्हणाला. "आख्ख्या सड्यावर याच्याएवढा निबर दगड नाय. तू नेमकी हितं टाच आपटलीस, आनि मी मनात म्हटलं, काय हुशार बाय हाय. हे पुरं करायला पंधरा वरसं लागतील, तवर हिला कुणी इचारायचा नाय. मग मी भगताकडून बाकीचं वदवून घेतलं. मजूर नको, सुरुंग नको. तू बघत व्हतीस की." तो जरा थांबला. "मला वाटलं, आपण दोघांनी मिळून केलं ते."

 राही काठावरच खाली बसली. भगताला नम्रपणे प्रश्न विचारणारा लवू तिला आठवला, त्याचे चमकलेले डोळे आठवले. ते डोळे तिला सांगत होते की मला कळलं गं. आणि तिनं त्यात बाप बघितला.

"मी तुमची परीक्षा बघत व्हते," ती कशीबशी म्हणाली. खोटं बोलायची आता तिला ताकद नव्हती. "खणलंत तर हंड्यासाठी मला केलीत, असं म्हटलं व्हतं मी."

"आनि मी दुसऱ्याच दिवशी खणायला घेतलं."

"व्हय."

"म्हंजे तेरा वरसं..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही. हातानं टिकावाच्या दांड्यावरची माती पुसली. पुन्हा पुसली. मग पायऱ्या चढून वर आला आणि तिच्या शेजारून, तिच्याकडे न बघता, घराकडे निघून गेला. दिवस अजून बराच वर होता. तेरा वर्षांत त्यानं काम असं अर्ध्यावर टाकलं नव्हतं.

चार दिवस त्यानं टिकाव हातात धरला नाही. जेवायचा, चिमाशी बोलायचा, राहीला फक्त 'हं' आणि 'नाय'. जन्मभर राही दुसऱ्यांवर संशय घेत आली होती, आणि आता तिला एकच भीती होती, की या माणसाचं मन आपल्यावरून उडालं. त्याला काय सांगणार? बापानं असं केलं म्हणून सांगणार? त्यालाही ते ठाऊक होतंच. म्हणून तर तो खणत होता.

तिकडं भिकाजीला धीर निघेना. भगताची बंदी फक्त परक्या हाताला, मी घरचा, म्हणून त्यानं स्वतःच टिकाव घेतला आणि उरलेला हातभर दगड दोन दिवसांत फोडला. खाली निघाली ती लालभडक माती आणि कमरेत भरली उसण. काशीराम भगत आला तेव्हा भिकाजी खड्ड्याच्या काठावर काटकोनात वाकून उभा होता. वाडीतली पाचपंचवीस माणसं जमली होती. लवू आंब्याच्या बुंध्याशी लांब बसला होता, तिऱ्हाइतासारखा.

"जागा पुरी झाली," भगत म्हणाला. "आता पुन्ना इचारायला हरकत नाय." त्यानं पिशवीतून पितळी डबी काढली. भिकाजी वाकूनच म्हणाला, "ह्या खेपेला कवळी नजर पायजे. चिमाला बोलवा."

"काय गरज नाय," राही म्हणाली. ती गर्दीतून पुढं आली. तिचा आवाज खणखणीत होता. "तुमी सगळ्यांनी मिळून जागा पुरी करायला उशीर केलात. धन सरकलंय. मला दिसतंय कुठं गेलं ते."

माणसं बाजूला झाली. राही सड्यावरून खाली आली, गोठ्याला वळसा घातला आणि स्वयंपाकघराच्या मागच्या दारासमोर वीस पावलांवर थांबली. तिथं कातळाचा एक उंचवटा होता. त्यावर लवूनं एकदा टिकाव मारून बघितला होता आणि टिकावाचंच टोक मोडलं होतं. चुलीपुढं बसलेल्या माणसाला तो दारातून सबंध दिसायचा.

राहीनं टाच आपटली. "हितं," म्हणाली.

"किती खाली?" भगतानं विचारलं.

राहीनं गर्दीच्या डोक्यांवरून आंब्याकडे बघितलं. लवू उठून उभा राहिला होता. ती त्याच्याकडेच बघत म्हणाली, "सात पुरुष."

कुणीतरी खिदळलं. भिकाजीनं कपाळाला हात लावला. सात पुरुष म्हणजे तीस वर्षं तरी, तोवर चिमाचं लग्न होऊन तिला पोरं झाली असती. लवू हळूहळू चालत आला. त्यानं दगड बघितला. स्वयंपाकघराचं दार बघितलं. मग राहीकडे बघितलं, चांगलं निरखून, घाई न करता. आणि भगताकडे वळला.

"भगतानू," तो म्हणाला, "मजूर लावले तर चालतील?"

"छे," काशीराम म्हणाला.

"आनि सुरुंग?"

राहीनं तोंडाला पदर लावला. आता हसू फुटलं असतं तर सगळंच फुटलं असतं. तिनं भिकाजीला अंगणात पालथं पाडलं आणि उसणीच्या तीन लाथा घातल्या, शिवाय चौथी एक घातली. त्याची उसण गेली, आणि चौथी लाथ कसली हे त्यानं विचारलं नाही.

संध्याकाळी माणसं पांगल्यावर मागून टिकावाचा आवाज यायला लागला. राहीनं तांब्या भरला, वाटीत गुळाचा खडा ठेवला आणि दारातून बाहेर पडली. लवूनं टिकाव थांबवला. दगडावर अजून नखाएवढासुद्धा खड्डा पडला नव्हता. त्यानं पाणी घटाघटा प्यायलं. मग गुळाचा खडा घेऊन त्याचे दातांनी दोन तुकडे केले आणि अर्धा तिच्यापुढे धरला.

राहीनं सवयीनं त्याचा हात बघितला. तळव्याला घट्टे होते, नखांत लाल माती होती. तिनं तुकडा उचलून तोंडात टाकला. त्याच्या हाताच्या घामानं तो थोडा खारट लागत होता.